सूर्यभानची हाक

बडनेऱ्यातलं मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं, आणि तेही लग्न नसताना. रविवारची दुपार, जेवणाचं आमंत्रण नाही, तरी चांदूर रेल्वेपासून परतवाड्यापर्यंतची माणसं आली होती ती डीजे सूर्या-रऊफ या जोडीचे आभार मानायला. दोघं बडनेऱ्याचेच. एका जुनाट कॉम्प्युटरवर त्यांनी असं इलेक्ट्रॉनिक संगीत जुळवलं, की दहा-बारा वर्षं आमच्या भागात त्यांच्या गाण्यांशिवाय वरात निघाली नाही. तीन वर्षांपूर्वी सूर्यभान काविळीनं गेला. तेव्हापासून रऊफभाईंनी मशीनला हात लावला नव्हता. आज ते वाजवतील, एवढ्या एका आशेवर आम्ही जमलो होतो.

आधी बोलणं झालं. अकोल्याच्या हर्षानं माइक घेतला. "माही सोयरीक यायच्याच गाण्यावर नाचता नाचता जमली. सासूनं तिथंच पसंत केलं मले!" सगळे हसले. मी हसता हसता डोळे पुसले. या दोघांनी माझ्यासारख्या लाजाळू माणसालाही नाचायला लावलं, त्याचे उपकार फेडायचे कसे?

मग रऊफभाई उठले. मशीनसमोर उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

"माफ करा," ते म्हणाले. "हर गाण्याच्या आधी सूर्या हाक मारे, मंगच माहा हात चाले. ते हाक माह्याजवळ नाही. हार्डडिस्क बसली, तवाच गेली. तुमच्यापैकी कोनाजवळ असन त द्या."

त्यांच्या प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला सूर्यभानचा आवाज भरलेला असायचा. "ए रऊफ, वाजव ना बे!" आणि मग ठेका.

लोकांनी पेनड्राइव्ह काढले, मेमरी कार्डं काढली. एकेक लावून पाहिलं. प्रत्येक गाणं थेट ठेक्यापासूनच सुरू. इंटरनेटवर पाहिलं, तिथंही तेच. असं का, ते फक्त मला ठाऊक होतं.

कारण परतवाड्याला माझं मोबाइलचं दुकान आहे. त्या काळी मी कार्डात गाणी भरून द्यायचो. नवरदेव कुरकुरायचे, "वरात माही, अन् नाव रऊफचं कावून?" मी पडलो अतिशहाणा. सगळ्या गाण्यांतून हाक कापून टाकली. माझ्याकडून ती गाणी बाकीच्या दुकानदारांनी घेतली, आणि वऱ्हाडभर तीच फिरली.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? पण रऊफभाई वायर गुंडाळायला लागले आणि मला राहवेना. मी माइक घेतला.

"रऊफभाई, मी नितेश, परतवाड्याचा. ते हाक म्या कापली. साऱ्या गाण्यांतून."

मागून कोणीतरी शिवी हासडली. मला ती पटली.

"अन् कापलेला तुकडा?" रऊफभाईंनी विचारलं.

"फेकला, भाई."

"सारा नाही फेकला रे लेका!" तिसऱ्या रांगेतून गोदाबाई उठल्या. त्या बडनेरा स्टेशनबाहेर संत्री विकतात. "मले फोन आयकू येत नोयता, तवा तूच त भरून देला व्हता. लाव फोन!"

तेव्हा आठवलं. गोदाबाईंची लेक परतवाड्याला दिलेली. तिच्याकडे आल्या असताना त्या मोठ्यानं वाजणारी रिंगटोन मागायला दुकानात आल्या होत्या, आणि हाताशी होता तो ओरडण्याचा तुकडा मी त्यांच्या फोनमध्ये भरला होता.

नंबर विचारून मी फोन लावला. त्यांच्या कमरेच्या पिशवीतून "ए रऊफ" एवढंच आलं, तोच गोदाबाईंनी सवयीनं बटण दाबलं. "हॅलो, कोन?"

"माय, उचलू नको!" सगळं कार्यालय एकदम ओरडलं.

पुन्हा लावला. हर्षानं धावत जाऊन माइक पिशवीला टेकवला.

"ए रऊफ, वाजव ना बे!"

रऊफभाईंनी डोळे मिटले. "वाजवतो बे," ते म्हणाले, आणि त्यांचा हात मशीनवर आला.

भर दुपारी लोक घामाघूम होऊन नाचले. मला मात्र रऊफभाईंनी नाचू दिलं नाही, मशीनशेजारी बसवलं. हाक रेकॉर्ड करून घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "ते उद्या. कापली तूनं, आता आज दिवसभर तूच लाव." प्रत्येक गाण्याआधी ते माझ्याकडे बघून मान हलवायचे.

त्या दुपारी मी गोदाबाईंना आणखी एकोणीस फोन लावले. माइकपाशी पिशवी धरून त्या शेवटपर्यंत उभ्या होत्या. त्यांनी एकही उचलला नाही.