निकामी ओळ

"मावशी, थांबा! ती ओळ पुसू नका!"

संशोधक मुलगी ओरडली तसं मावशींचं बोट संगणकाच्या कळीवरच थबकलं. मोठ्या सरांपासून झाडूवालीपर्यंत सगळी प्रयोगशाळा त्यांना मावशीच म्हणे. एकोणीस वर्षं काम ठरलेलं: इनक्युबेटरमधल्या पेशींना रोज ताजा पोषक द्राव घालायचा आणि यंत्रातून आलेल्या जनुकांच्या याद्या साफ करायच्या. साफ करायच्या म्हणजे ज्या ओळीपुढे 'निकामी' असेल, ती आधी पुसायची. निकामी म्हणजे मूळ जनुकाची बिघडलेली नक्कल. जुन्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घरातला मोडका रेडिओ समजा. वाजत नाही आणि टाकवत नाही."

"हा रेडिओ वाजतो, मावशी. फक्त पहिले पाच-सहा दिवस, गर्भ पोटात रुजायच्या आत. मग कायमचा गप्प. म्हणून सगळ्यांना वाटायचं, मेलेलाच आहे."

"आणि तेव्हाच गप्प केला तर?"

"बघा की."

मावशींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशींपासून इथेच वाढवलेले, कोवळ्या गर्भासारखे गोळे. पहिल्या बशीत कसे गोल, भरलेले. दुसऱ्या बशीत नुसता चुरा.

"पण मूळ जनुक होतं ना जागेवर?"

"होतं हो. पण त्या दिवसांत त्याच्या एकट्याच्यानं निभत नाही." मुलगी हसली. "माय मरो, मावशी जगो! तुमच्याच जातकुळीतलं निघालं."

"चल, चावट कुठली," म्हणत मावशींनी बशा परत ठेवल्या आणि इनक्युबेटरचं दार हलकेच लावलं.

"आपटा बिनधास्त, मावशी. कोणी उठून रडणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. भाची होती. तिला सातवा महिना लागला होता.

"मावशी, आई फोन उचलत नाहीये. इथे डॉक्टर विचारतायत, मला लहानपणी कधी झटका आला होता का?"

"एकदाच. तेराव्या महिन्यात, तापात. मिनिटभर असेल. परत कधी नाही. घाबरू नकोस."

"अगं, तुला इतकं कसं आठवतं? आईला विचारलं की ती म्हणते, 'तू काय, आपोआप वाढलीस.'"

बाळंतपणानंतर मावशींच्या धाकट्या बहिणीचं मन असं बिघडलं की तिला लेकराकडे बघवेना. दोन वर्षं ती दवाखान्यात. बरी होऊन न्यायला आली, तेव्हा पोर मावशींच्या मानेला मिठी मारून "आई, आई" करत होती. दारात बहीण हळूच म्हणाली होती, "ताई, हे तिला कधी सांगू नकोस गं. ती मला आई म्हणेल, तेव्हा मला ते उसनं वाटायला नको."

"मावशी? आहेस ना?"

आता सांगितलं असतं, तर पोर तिथल्या तिथे रडली असती आणि धावत आली असती. जिभेवर आलेलं मावशींनी गिळलं.

"मी तेव्हा तुमच्याकडे आले होते."

"बघ ना! नेमकी तेव्हाच पाहुणी आलीस. नशीबच माझं."

"हो," मावशी म्हणाल्या. "पाहुणीच होते. पाणी पीत जा भरपूर."

फोन ठेवला तेव्हा संशोधक मुलगी पडद्याशी वाट बघत होती.

"मावशी, ओळ ठेवायची, पण पुढचं 'निकामी' खोडू ना? काय लिहू तिथे? चांगलंसं नाव सुचवा काहीतरी."

मावशींनी चष्मा पदराला पुसला. पुसतच राहिल्या.

"असू दे गं, आहे तेच असू दे. ओळ पुसली नाही म्हणजे झालं."

मग त्या दुसरी बशी टाकायला उठल्या. इनक्युबेटरमधून ती बाहेर काढली. ती अजून कोमट होती. एका हातात बशी धरून दुसऱ्या हातानं त्यांनी दार लावलं, जराही आवाज न करता.