दहा बोटांचं दुःख

बेसा रोडवरच्या मंगल कार्यालयात रविवारी पाय ठेवायला जागा नसे. उदासी, धडधड, घाबरेपणा घेऊन लोक येत आणि आनंदबाबा विचारत, "बोला, दुःख किती? बोटं दाखवा." नवे आलेले दहाही बोटं वर करत. मग महिनाभर अंगारा घेतलेले उभे राहत, तर त्यांचं एखादंच बोट वर. टाळ्यांचा नुसता कडकडाट. "आपला रिपोर्ट डायरेक्ट वरून येते," असं बाबा आकाशाकडे बोट दाखवून सांगत, जणू तिथं त्यांची लॅब होती.

बोटं मोजायला मंचावर असत मधुकरराव, गणिताचे निवृत्त मास्तर. माईकवर आकडा सांगताना त्यांचा ऊर भरून येई, कारण पहिल्या रांगेत त्यांची बायको कामिनी एकच बोट वर करून उभी असे. धंतोलीच्या डॉक्टरांनी उदासीवर दिलेली तिची गोळी मधुकररावांनीच बंद केली होती.

घरी मात्र कामिनी वेणी घालायलाही उठेना. दूध उतू जाई आणि ती शेजारी उभी राहून बघत असे. एका सकाळी ती शांतपणे म्हणाली, "मले आता जगावंसं वाटत नाही." मधुकररावांनी तशीच रिक्षा केली आणि तिला घेऊन धंतोलीचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर दीप्तींनी मधुकररावांना बाहेर बसवलं. झोप, भूक, भीती, मरणाचे विचार, हे सगळं त्या प्रत्येक भेटीत पेशंटला एकट्याला विचारत, आणि जो आला नाही त्याला फोन करत. गोळी पुन्हा सुरू झाली. तरी जाता जाता मधुकररावांनी बाबांच्या आकड्यांची बाजू मांडून पाहिलीच.

"जे परत आलेच नाहीत, ते कुठल्या आकड्यात?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं.

मास्तरांना आपली शाळा आठवली. कच्च्या पोरांना बोर्डाचा फॉर्मच भरू न देता शंभर टक्के निकाल लावणाऱ्या हेडमास्तरांशी ते एके काळी भर सभेत भांडले होते. आता तीच लबाडी चालली होती आणि माईक त्यांच्याच हातात होता.

"पण तू तं एकच बोट दाखवत होती वं," रिक्षात त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही मोजून राहिले होते ना," कामिनी म्हणाली. "साऱ्या लोकायसमोर तुमची मान खाली कशी करू?"

घर येईपर्यंत त्यांना तिच्याकडे पाहवलं नाही.

रविवारी कामिनीजवळ तिच्या बहिणीला, यमुताईंना, बसवून ते मंचावर गेले आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. ध्यान आहे असं वाटून बाबांनीही मिटले. मग मधुकरराव म्हणाले, महिनाभर अंगारा घेतलेल्यांनी खरं काय ते दाखवा, शेजारचा पाहत नाही. बोटं चाचरत वर आली. सात, आठ, नऊ. बाबांनी डोळे उघडले तेव्हा दोन्ही हात वर केलेली माणसं सगळीकडे उभी होती.

"बाबाच्या पायाशी बसून, घरच्यांदेखत, 'बरं नाही' कोण म्हणन?" मधुकररावांनी माईकवर विचारलं. "अन् ज्याले गुण नाही आला तो घरीच राहिला, त्याले आपण मोजलंच नाही. चमत्कार एवढाच होता. माह्या बायकोची गोळी मी बंद केली, ते पाप माहं. तुम्ही गोळी बंद करू नका. डॉक्टरले दाखवा, अन् आपल्या माणसाले एकट्यात विचारा."

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी कामिनीला आत बोलावलं. मधुकरराव सवयीनं उठले, आणि पुन्हा बाकावर बसले. त्यांच्यासमोर ती खरं सांगू शकत नाही, हे आता त्यांना ठाऊक होतं. दार आतून लागलं.