शेवटचा झेंडा

आमच्या क्लबच्या शर्यतीत शेवटचा झेंडा माझ्याकडे असतो. पाठीला काठी बांधायची, तिच्यावर लाल कापड, आणि ठरलेल्या संथ चालीने सगळ्यांच्या मागून धावायचं. मी ज्याच्या पुढे गेले तो बाद. त्याने मागून येणाऱ्या गाडीत मुकाट बसायचं. हे काम कुणी हौसेने घेत नाही, पण माझी चाल तसूभर हलत नाही, म्हणून कॅप्टनने ते माझ्या गळ्यात मारलं. दिवसभर लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीपाशी उभी असते मी. पाय कधी कुरकुरत नाहीत, कुरकुरतं ते तोंड.

यंदा धाकटी जाऊही धावणार होती. पोटाच्या ऑपरेशननंतर जिना चढताना धापा टाकणारी ही बाई. मीच तिला क्लबात ओढलं, आणि तिला असं वेड लागलं की सरावाच्या दिवशी, मंगळवारी नि रविवारी, मलाच ती उठवायला यायची. भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ते खुपायचं. या वयात बायको रस्त्याने धावते, लोक हसतात म्हणे! आदल्या संध्याकाळी जेवताना त्यांनी फर्मान काढलं, "उद्या त्या गाडीत बसून आलीस, तर धावणं बंद. बूट मी स्वतः कुणाला तरी देऊन टाकीन." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी उठून ताटं उचलायला लागली.

सकाळी मी तिला बजावलं, "दम राखून धाव. चढ येईपर्यंत कुणी पुढे गेलं तर खुशाल जाऊ दे."

"हो ताई," म्हणाली, आणि शिट्टी वाजताच गर्दीबरोबर अशी उधळली की दिसेनाशीच झाली. नव्या माणसाची हीच तर खोड! मी मागून बोंबलले, पण ऐकतंय कोण.

चढाच्या माथ्यावर ती सापडली. हात कमरेवर, चेहरा लालबुंद, धावणं कसलं, पाय ओढत होती नुसती. मी चाल मंद केली. लपवाछपवी नाही, सरळ मंद केली.

कॅप्टन सायकलवरून आला. पेशाने दातांचा डॉक्टर. "ताई, झेंडा मागे पडतोय."

"पडू दे. तुझ्या दवाखान्यात आम्ही ताटकळत बसतो, तेव्हा नाही काही मागे पडत?"

"अहो, पुढे पोस्टमनकाका आहेत. ते मागे वळून झेंडा बघत धावतात. झेंडा लांब दिसला म्हणून तेही सावकाश झालेत. त्यांची पोचायची मुदत हुकेल."

माझ्या झेंड्यावर भरवसा ठेवून धावणारा म्हातारा माणूस, त्याला का म्हणून बुडवायचं? पण पाय उचलेना.

"ताई, जा पुढे," धाकटी म्हणाली.

"गप धाव तू."

"माझ्यापायी त्यांचं नुकसान नको. आणि मला दया नको कुणाची. जा म्हणते ना!"

आजवर माझ्यासमोर आवाज न चढवलेली बाई भर रस्त्यात माझ्यावर खेकसली. गेले मी. रडत गेले, आणि जाता जाता कॅप्टनला चार शिव्या हासडल्या.

मागे गाडी थांबली. "बसा बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"छातीवरचा नंबर घ्या, तो क्लबचा आहे," धाकटीचा आवाज आला. "पाय माझे आहेत."

पोस्टमनकाका वेळेत पोचले. मग मुदत संपली, शेवटच्या रेघेवरची कमान उतरवली, रस्ता वाहनांना मोकळा झाला. भावजी स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत आले. मागची गाडी आली ती रिकामीच. त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, ही कुठेय?"

"येतेय," मी म्हटलं. तोंडाने म्हटलं खरं, पण जीव माझाही टांगणीला लागला होता.

आली! पिशव्या घेतलेल्या माणसांतून वाट काढत, फुटपाथवरून, धावतच. कमान नव्हती, टाळ्या नव्हत्या. रस्त्यावर खडूची रेघ तेवढी उरली होती. तिच्यावर पाय ठेवला तेव्हाच थांबली.

भावजींचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोराही परत आला. "बाद झालीस ना? गाडीत बसली नाहीस म्हणजे सुटलीस असं समजू नकोस. काल काय ठरलं होतं?"

धाकटीने पाण्याची बाटली तोंडाला लावली, सगळी संपवली आणि तोंड पुसलं.

"ठरलं काहीच नव्हतं. तुम्ही बोलला होतात," ती म्हणाली. "मी हो कधी म्हटलं? गाडीत बसून आले असते, तरी मंगळवारी धावायला गेलेच असते."

भावजी किल्ली धरून उभेच राहिले. ती पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.