त्रेसष्ट तुकडे

माझी मोजणी चुकत नाही. कांताबाई फुशारकी मारून राहिली असं वाटलं तं वाटू द्या. तीस वर्षं मी दवाखान्यात सिस्टर होती, वॉर्डातली एक गोळी कधी इकडची तिकडे झाली नाही. रिटायर झाली त्याच वर्षी आई गेली, अन् चर्चनं प्रभुभोजनाच्या पावाचं तिचं काम मले दिलं. तेव्हा पाळकसाहेब हसून म्हणाले होते, आता सैतानालेही एक तुकडा जास्तीचा मिळत नाही.

काम तसं सोपं आहे. सदर भागातलं आमचं चर्च लहान. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणजे प्रभूची आठवण म्हणून सगळ्यांनी संग पाव खायचा अन् द्राक्षाचा रस प्यायचा, अन् आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची सभा. ज्याले भोजन घ्यायचं त्यानं त्या सभेत यायचं, मनातला राग-रुसवा काढून टाकायचा अन् आपलं नाव द्यायचं. जुन्या मिशनच्या काळापासूनची रीत आहे. नावं माझ्या वहीत लिहिली जातात. घरी येऊन मी पावाच्या कडा काढते अन् नखाएवढे चौकोनी तुकडे करते. जितकी नावं तितके तुकडे. रस काळ्या मनुका उकळून करते, तो बाटलीत थोडा उरतेच. पाव मात्र मी उरू देत नाही.

आईचं असं नव्हतं. तिनं पंचवीस वर्षं हे काम केलं अन् दर वेळी मूठभर तुकडे जास्तीचे कापले. मले गजब राग यायचा. म्हणायची मी तिले, प्रभूच्या पावाची नासाडी काहून करतं? ती म्हणे, "अन् कोणी आलं तं?" कोण येणार होतं बाप्पा? नाव दिल्याशिवाय कोणी येतच नसे. उपासना झाली की उरलेले तुकडे ती चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींसंग बसून खाऊन घेई. मी समजून चालली होती की आईची मोजणी कच्ची आहे.

आता माझ्या भावाचं सांगते. प्रीतम माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कोराडीले ठेकेदाराकडे कामाले होता, तिथंच खोली करून राहायचा, अन् प्यायचा. अकरा वर्षांआधी आई अंथरुणाले खिळली, तेव्हा शेवटचे चार दिवस तिनं त्याचंच नाव घेतलं. मी फोनवर फोन लावले. येतो म्हणे. सकाळी येतो, संध्याकाळी येतो. कोराडी काय विलायतेत आहे? इथून बस सुटते. आई दाराकडे तोंड करून गेली. हा आला तो कबरीवर माती पडल्यावर, अन् तोही झोकांड्या खात. मी सगळ्यांसमोर त्याले सांगितलं की आईसंग बहीणही मेली असं समज. तो शब्द मी अकरा वर्षं पाळला. अन् त्या अकरा वर्षांत दर महिन्याले, मन साफ आहे म्हणून, वहीत सगळ्यात आधी स्वतःचं नाव लिहीत होती, हेही सांगून टाकते.

या मार्चातल्या तयारीच्या सभेले प्रीतम आला. डोकं पांढरं झालेलं, शर्टाले इस्त्री. सभा सुटल्यावर लोक एकेक करून माझ्या टेबलाशी नाव सांगून गेले, सगळ्यात शेवटी तो आला. म्हणाला, सव्वा वर्ष झालं, थेंब घेतला नाही. पाळकसाहेबांशी बोललो, ते ये म्हणाले. मंग माझ्या वहीकडे पाहाले लागला.

"बाई, माझं नाव लिहिशील?"

मले तो लहानपणापासून बाईच म्हणते. मी पेन वहीवर टेकवला, लिहिल्यासारखं केलं अन् वही मिटून टाकली. बरं, म्हटलं. नाव लिहिलं नाही.

मनात म्हटलं, हा येतो म्हणणारा माणूस आहे, येणारा थोडीच आहे. आईले चार दिवस झुलवलं, आता प्रभूले झुलवते. अन् खरं सांगू? समजा आलाच, तं त्याच्यासमोर रिकामी ताटली जावी असंही मनात होतं. वाट पाहून काही न मिळणं कसं असते, ते त्यालेही एकदा कळू दे. घरी येऊन पाव कापाले बसली. त्रेसष्ट नावं, त्रेसष्ट तुकडे. कापताना एकही तुकडा वाकडा गेला नाही, याचंच मले आता नवल वाटते.

रविवारी तो आला. माझ्याही आधी येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला होता. नेमका माझा बाक. प्याले गोळा करायचे असतात म्हणून मी दर वेळी तिथं बसते, अन् ताटलीतला शेवटचा तुकडा माझा असते. मी दोन हात जागा सोडून बसली. उपासना सुरू झाली. तो मधून मधून खोकत होता, थेट आईसारखा, तोंडावर पदर घेतल्यासारखी मूठ धरून. मी समोरचे बाक मोजाले लागली. एखादा माणूस आला नसंल तं बरं, एक तुकडा वाचंल. काल मले याचा हात रिकामा पाहायचा होता, अन् आज मीच त्याच्यासाठी तुकडा शोधून राहिली होती. पण सगळे हजर. दम्याचे बळीरामकाकासुद्धा नातीचा हात धरून आले होते.

आमच्यात तुकडा लगेच खात नाहीत. प्रत्येकानं घेऊन हातात धरायचा, सगळ्यांले मिळाला की पाळकसाहेब सांगतात, मंग सगळ्यांनी संगच खायचा. ताटली बाकाबाकानं मागं आली. वडीलमंडळींतले देवाजी ती घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. तुकडा एकच होता. देवाजींचा माझ्या मोजणीवर इतका भरवसा, की ते वाकून खाली फरशीवर पाहाले लागले, पडला की काय म्हणून. समोर सगळं चर्च हातात पाव धरून थांबलेलं.

प्रीतम ताटलीकडे पाहतच नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "तू घे बाई. तू माझं नाव नाही लिहिलं, मले मालूम होतं. पेन चालला नाही, मी पाहिलं ना काल."

"मंग आला काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बसू तं देतील म्हटलं. आईचा बाक आहे."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मले. मी ज्याच्यासाठी रिकामी ताटली मांडली, तो ती रिकामी आहे हे माहीत असून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. अन् आईचे ते मूठभर जास्तीचे तुकडे आठवले. पंचवीस वर्षं ती कोणाची वाट पाहून कापत होती ते मले त्या बाकावर बसल्यावर कळलं. नाव नसलेल्याचा तुकडा आधी कापून ठेवायचा, तो येवो न येवो. हे ती काही स्वतःच्या मनानं करत नव्हती, ज्याचं हे भोजन आहे त्या प्रभूकडूनच शिकली होती. त्यानं तरी माझं नाव काय पाहून लिहिलं? अकरा वर्षं मनात विष धरून मी तिथं बसत होती, अन् त्यानं एकदाही ताटली मागं घेतली नाही. मले रडू आलं. सिस्टर कांताबाई चारचौघांत रडली, लिहून ठेवा.

मी तुकडा उचलला अन् प्रीतमच्या हातावर ठेवला. "घे. चूक झाली नाही, मी मुद्दाम केलं," मी म्हटलं. देवाजींनी ऐकलं, पुढच्या बाकावरच्यांनीही ऐकलं असंल. ऐकू दे.

प्रीतमनं तळहातावरच्या त्या तुकड्याकडे पाहिलं. त्याची बोटं कामानं जाड झालेली, नखं फुटलेली. नखाएवढ्या पावाचे दोन भाग कराले त्याले चांगला वेळ लागला, अन् सगळं चर्च थांबून राहिलं. मंग त्यानं एक भाग माझ्या हातावर ठेवला. पाळकसाहेबांनी मान हलवली अन् सगळ्यांनी खाल्लं.

मोठा भाग त्यानं मले दिला होता. डोळे भरलेले होते, तरी मले ते दिसलं. माझी मोजणी चुकत नाही.