दारातली थंड चूल

आमच्या चाळीचे दिवाणजी हिंदुराव रोज सकाळी प्रत्येक दारातल्या चुलीची राख काठीनं उकरून बघायचे. पिंपरीत कारखाना निघाला तशी खोल्यांची मारामार झाली होती आणि ही चाळ फक्त कुटुंबवाल्यांची होती. तीन दिवस चूल थंड दिसली की इथं बाई नांदत नाही असं ते ठरवायचे. मग खोलीला त्यांचं कुलूप पडायचं आणि आठवड्यात त्यांच्याच गावचा कुणीतरी आत राहायला यायचा. शालनबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तर तिची भांडी उकिरड्यापाशी सापडली. तिच्या नवऱ्यानं जाब विचारला, त्याला दिवाणजींच्या दोन पैलवानांनी वेशीपर्यंत पोचवलं.

म्हणून मी माहेरी गेले नाही. फलटणहून आईचे दोन निरोप आले. मी पहिलटकरीण, रात्रंदिवस मरणाची भीती वाटायची. पण खोली गेली असती तर आमच्या ह्यांनी, म्हणजे ज्योतीरामांनी, कुणाच्या तरी पडवीत निजायचं आणि मी कायमचं गावी राहायचं. मी दात आवळून राहिले. चाळीमागच्या वाडीतल्या सोजराबाईंनी सुटका केली. मुलगी झाली.

आणि इतकी हुशारी करून आम्ही माती खाल्ली. सुवेर लागलं, दहा दिवस चुलीला शिवायचं नव्हतं. जेवण सोजराबाईंकडून यायचं. दिवाणजी तेवढे दिवस मालकाकडे पुण्याला गेलेले, त्यांना बाळंतपणाचा पत्ता नाही. दारात चूल थंड पडली आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी हे सुंठ-गूळ आणायला चिंचवडला गेले होते. वारं लागू नये म्हणून दार लोटलेलं, खिडकी लावलेली, बाजेखाली शेगडी. राखेत काठी फिरल्याचा आवाज आला; दिवाणजी परतले होते आणि राख चार दिवसांची गार होती. एक हाक मारली असती तर भागलं असतं. पण लेक कुरकुरायला लागली, तर मी तिलाच छातीशी दाबून गप्प केलं, इतकी मी त्या माणसाला भ्यायचे. काठी थांबली. बाहेर कुणीतरी कान देऊन उभं होतं. मग कडी चढली आणि कुलूप लागलं.

ऐकून लावलं की न ऐकता, देव जाणे. मी म्हणते, ऐकूनच.

शेगडी धुमसायला लागली. खिडकीची खिट्टी गंजलेली, माझ्या बोटांत जोर नाही. लेक खोकली, तशी मी तिला पदराखाली घेतलं. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत हे दाराशी तोंड लावून म्हणाले, "घाबरू नकोस. दिवाणजींना विचारून येतो." आणि खरोखर गेले. मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं, आणि त्याचीच मला लाज वाटली.

नदीवरून सोजराबाई आल्या.

"आत हायस व्हय गं? फोडू का? पण मागनं खोली गेली तर मला बोल लावायचा न्हाई."

धुरात लेक दिसेना. मी म्हणाले, "फोडा."

वरवंट्याच्या चौथ्या घावाला कुलूप तुटलं. समोरून दिवाणजी पैलवानांना घेऊन येत होते, मागे मान खाली घालून हे. मी पोरीला घेऊन उंबऱ्यातच बसले.

"सामान बाहेर काढा हिचं," दिवाणजी पैलवानांना म्हणाले.

"सुवेर हाय," सोजराबाई म्हणाल्या. "पाचवा दिस. शिवायचं आसंल तर शिवा."

पैलवान मागे सरले. दिवाणजींनी धोतराचा सोगा सावरला, दोन पावलं दूर झाले आणि बोट नाचवत म्हणाले, "अकराव्या दिवशी येतो."

तेव्हापासून मी उंबऱ्यातच बसते, जेवते, निजते. सोजराबाई म्हणतात, अकराव्या दिवशी वाडीतल्या साऱ्या बायका येऊन बसतील. येतीलही. हे म्हणतात, माफी मागून बघू. आज नववा दिवस आहे. लेकीचं न्हाणं झालं, ती झोपली आहे, आणि काठीचा आवाज आला की मी अजून तिचं तोंड झाकायला हात उचलते.