घरचीच मुरड

"ए टोपीवाली, तोंड आवर आणि हात चालव!"

मुकादम इलारियाच्या डोक्यावरच्या गोल टोपीकडे बघून ओरडला. तिने हात थांबवला नाही. एरवी बोलिव्हियातल्या या कोचाबांबा शहरात पन्नाशीच्या बाईला कोणीही मानाने 'दोन्या' लावून हाक मारतं. इथे उजाडल्यापासून कोणी नावही विचारलं नव्हतं. बसायला स्टूल नाही, घोटभर पाणी नाही. 'बाया हव्यात' अशी पाटी वाचून चौघी आल्या होत्या. रसदार मांसाच्या सालतेन्या, म्हणजे करंज्याच, त्यांना मुरड घालायची. ती म्हणे परीक्षा. एक परात संपली की दुसरी येई. ही कसली मेली परीक्षा! पण इलारियाची धुण्याभांड्याची घरं सुटली होती, आणि नड माणसाला मुकं करते.

शेवटची परात भट्टीत गेली आणि मालक ग्वाल्बेर्तो आला.

"नाही जमलं. एकीचीही मुरड धड नाही. लागलं तर कळवू."

"कुठे कळवाल, साहेब? नाव तरी विचारलंत का आमचं?"

"तुझ्यासारख्या छप्पन्न बघितल्या. मागच्या दाराने जा, पुढे गिऱ्हाइकं आहेत."

बाकीच्या तिघी खाली मान घालून मागे वळल्या. इलारिया मात्र सरळ दुकानातून निघाली.

काउंटरवर गरम सालतेन्या मांडल्या होत्या. मुरड हाताहाताची वेगळी. डावखुऱ्या इलारियाची उलट्या बाजूला कलते. टायवाल्या एका म्हाताऱ्याने तसलीच एक उचलली, टोक चावून रस्सा ओढला. टायवर थेंब पडला नाही.

"वा, ग्वाल्बेर्तो! मुरड काय झकास!"

"घरचीच आहे," मालक हसला.

इलारियाच्या अंगाचा तिळपापड झाला. "घरचीच? मग घरच्या बाईला मागचं दार कशाला दाखवता, साहेब?"

मालक खाली वाकून सुट्टे पैसे शोधू लागला.

बाहेर पाठीशी बाळ बांधलेली एक बाई पाटी वाचत उभी होती.

"आत काम नाही गं. फुकट राबवतात आणि हाकलतात."

"पण पाटी आहे ना, मावशी?"

"ती उद्याही असेल."

त्या बाईचा चेहरा पडला. खूप लांबून आली होती. इलारियाने पायरीवर आपली शाल पसरली.

"बस आधी. पाणी आणते. नाव काय तुझं?"

"एलोदिया."

"पूर्ण सांग."

"एलोदिया ममानी चोके."

"बसा, दोन्या एलोदिया ममानी चोके," इलारिया म्हणाली आणि पाणी आणायला गेली.