उंबऱ्याबाहेरची गोरसी

“गोरसीबाई माह्ये, सपरीत तुहा थाट,
उंबऱ्याच्या आत तुले नाही वाट.”

मित्रांनो, मी ऐकलेला हा पहिला आवाज. तेव्हा मी ओली होते. तळ्याची माती, धानाचा कोंडा आणि मला गोल आकार देणारे दोन हात, एवढंच माझं जग. ते हात सत्यभामाबाईंचे. मी एक जुनी गोरसी आहे. कुणी मला मातीची शेगडी म्हणतात. अड्याळच्या एका घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मी तीस-बत्तीस हिवाळे काढले. पोटात पेटती गोवरी घ्यायची, वर कोंडा दाबून घ्यायचा आणि उजाडेपर्यंत हळूहळू धुमसायचं, हेच माझं काम.

कौतुक पुष्कळ झालं. बाईंचा लेक मनिष माझ्या कडेला पाय टेकून लहानाचा मोठा झाला. दर दिवाळीला बाई मला मातीचा पोतारा देत, नव्या नवरीसारखी सजवत. पण घरात? कधीच नाही. मनिष तापानं फणफणला तरी मी बाहेर. उंबरा हातभरही उंच नव्हता, पण मला तो आंबागडाच्या डोंगराएवढा.

तरी मी सोसलं. मी आत नव्हते, पण माझ्या जागी दुसरं कुणीही आत नव्हतं.

मग यंदाच्या थंडीत तो आला. मनिषची बायको तृप्ती दोन महिन्यांच्या गुड्डीला घेऊन माहेराहून परतली, आणि मनिषनं भंडाऱ्याहून दोन कांड्यांचा हिटर आणला. खोक्यातून निघाला तो थेट उंबरा ओलांडून गुड्डीच्या खाटेपाशी! ना त्याला गोवरी लागे, ना कोंडा. बटण दाबलं की मेला लाल होऊन बसे. दाराच्या फटीतून त्याचा उजेड माझ्या राखेवर पडायचा. मित्रांनो, विस्तवानं मी कधी जळले नाही एवढी त्या उजेडानं जळले.

शेजारच्या मनकर्णाबाई एकदा म्हणाल्याही, “काय वं सत्यभामे, बाळंतीण सुनेच्या खाटेखाली गोरसीचा शेक नाही देल्ला, नि आता लेकराले लाईनीच्या हिटरवर शेकून राहिली का?”

बाई नुसत्या राख चाळवत राहिल्या.

पण माझेही दिवस आले. वीजबिल आलं, नेहमीच्या तिप्पट. विजेचा मीटर सपरीतच, माझ्या डोक्यावर. तृप्तीनं माझ्यातलाच विझलेला कोळसा उचलला आणि रोज सकाळी मीटरचा आकडा भिंतीवर लिहू लागली. चार दिवसांनी ती मनिषला म्हणाली, “हिटर नाही लावला त्या दिवशी तीन युनिट. लावला त्या दिवशी अकरा. असंच चाललं तर माघ संपेपर्यंत तुमची अर्धी मजुरी ह्याच्याच घशात!”

मी मनातून फुलले. खा मेल्या, आणखी खा! अकराचे बारा व्हावेत म्हणून मी नवस करायची तेवढी बाकी होते.

“हिटर बंद,” मनिष म्हणाला. “गोरसी आत नेऊ. धानाच्या मिलमधला कोंडा फुकट भेटते.”

त्या सांजेला बाई मनकर्णाबाईंकडे गेल्या होत्या. मनिषनं पोत्याच्या घडीत मला उचललं आणि मी उंबरा ओलांडला! हिटर कोपऱ्यात तोंड काळं करून बसला होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाटेवर गुड्डी, उशाशी तृप्ती, पायथ्याशी मी. गार वारा येऊ नये म्हणून मनिषनं दार लावलं, खालच्या फटीत लुगड्याची चिंधी कोंबली. जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटलं.

तोच दार धडधडलं.

“मन्या, दार उघड! आधी दार उघड म्हणतो ना!”

बाई आत आल्या. पोतं घेतलं नाही, फडकं घेतलं नाही. उघड्या हातांनी मला उचललं आणि सपरीत आणून ठेवलं.

“माय, हात पोळले ना तुहे! काहून असं करून राहिली? बिल तू भरशील काय?”

बाईंनी हात पाण्यात बुडवले. मनिष रागावला, आणि खरं सांगते, मीही रागावले. परक्या हिटरला आत जागा, आणि ज्या हातांनी मला घडवलं त्यांनीच मला बाहेर काढावं?

तृप्ती मात्र भांडली नाही. दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरच्या आकड्यांपुढे उभी राहिली आणि तिनं नवी रीत घातली. हिटर झोपण्याआधी एकच तास. आंघोळीचं पाणी माझ्यावर, सपरीत. गुड्डीची मालीश दुपारच्या उन्हात. गोधड्या माझ्या आचेजवळ उबवून मग आत न्यायच्या. आठवडाभरात अकराचे पाच झाले. हिटरपाशी एक तास, माझ्यापाशी सारा दिवस. हेवा करायलाही मला फुरसत उरली नाही.

मित्रांनो, माझी एक विनवणी ऐका. घरातली वीज मोजून वापरा, जरूर वापरा. पण चार पैसे वाचवायला माझ्यासारख्या विस्तवाला बंद खोलीत कधी कोंडू नका. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. मी बत्तीस वर्षं त्या जागेचा हेवा करत बसले होते.

त्याच आठवड्यात एका दुपारी, सपरीत बाईंच्या पोळलेल्या हातांना मलम लावताना तृप्ती हळूच म्हणाली, “आई, मी चिडली नाही जी. फक्त सांगा.”

बाईंनी गुड्डीला मांडीवर घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“मनिषच्या आधी मले एक पोरगी होती. सव्वा महिन्याची. लय थंडी होती, म्हणून शेकासाठी खाटेखाली गोरसी ठेवली. हे नाही, हिच्या आधीची. सकाळी लोकायनं मले ओढून बाहेर काढलं, तोंडावर पाणी मारलं, मी उठली. ते नाही उठली. सारे म्हणे, बाहेरची बाधा झाली. मीबी हो म्हटलं.”

गुड्डीच्या टाळूवर त्यांनी हात ठेवला.

“बाधा नव्हती वं तृप्ती, गोरसीची कोंडलेली हवा होती. फटीत चिंध्या कोंबून दार मीच लावलं होतं.”